तक्रार पत्र : मेटॅलिक रंगाच्या अर्धवट टच-अप संचाबद्दल

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुख्य कार्यालय

विषय : टच-अप संचात क्लिअर कोट व प्राइमर नसणे, जुना माल पाठवणे आणि ग्राहकाला चुकीची माहिती देणे.

महोदय / महोदया,

माझ्या २००६च्या वॅगनआरसाठी मी आपल्या संकेतस्थळावरून टच-अपचा, म्हणजे रंगाचे उडालेले टवके बुजवायचा, संच मागवला. रंग सिल्की सिल्व्हर, कोड झेड-२-एस, किंमत ₹७९९. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. कोड बरोबर आला, बाटली फुटलेली नव्हती, कुरिअरवाल्यानेही वेळ पाळली. तक्रार त्यापुढची आहे.

गाडी कुठे असते ते आधी सांगते, कारण माझ्या पहिल्या तक्रारीला आलेल्या आपल्या उत्तरात सगळं खापर तिथेच फोडलं आहे. मी गुहागरला राहते. वाडी संपली की समुद्र. गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. कोकम-फणसपोळीच्या ऑर्डरी घेऊन मला सारखं चिपळूणला जावं लागतं. पुढे चिऱ्यांचा ट्रक लागला की हौद्यातून जांभ्याची कणी उडत येते, आणि महामार्ग ६६ वर कामाची खडी आहेच. त्यामुळे बॉनेटची पुढची कड, चाकांवरच्या कमानी आणि दारांच्या कडा इथले टवके उडतात. प्राइमरपासून (पत्र्यावरच्या अस्तरापासून) वरच्या क्लिअरपर्यंत (पारदर्शक थरापर्यंत) कंपनीतला सगळा रंग मिळून जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड. मुगाएवढा खडा वेगात बसला की थेट पत्रा उघडा पडतो. आणि उघड्या पत्र्याला गंज धरायला इथे पाऊस लागत नाही, रात्रीचं दव पुरतं. म्हणून आगोटीच्या आधी मसाले आणि लाकूडफाटा भरण्याबरोबर गाडीचे टवके बुजवणं हेही माझ्या घरातलं ठरलेलं काम आहे. सांगायचा मुद्दा, टच-अप म्हणजे काय हे मला आपल्या पत्रकातून पहिल्यांदा कळलेलं नाही.

आता संच. संकेतस्थळावर ‘संपूर्ण संच’ असं लिहिलं आहे. खोक्यात रंगाची बाटली, एक रुमाल, झीरो पेपरचा (बारीक पॉलिश कागदाचा) तुकडा आणि पत्रक एवढंच होतं. प्राइमर नाही. क्लिअर कोट नाही.

माझ्याकडे पूर्वी पांढरी मारुती ८०० होती. त्या साध्या पांढऱ्या रंगाला वरून क्लिअर लागत नसे, रंग लावला की काम संपलं. सिल्व्हरचं तसं नाही. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, तो थर फक्त रंग दाखवण्यापुरता असतो. ऊन, पाणी आणि घासणं सोसायचं काम वरच्या क्लिअरचं. ते नसेल तर रंग निस्तेज करडा दिसतो, ओल आत घेतो आणि बोटाने घासला तरी निघतो. क्लिअर न देता मेटॅलिकचा ‘संपूर्ण संच’ विकणं म्हणजे सारण पाठवून मोदक पोचते केले म्हणण्यातला प्रकार झाला.

हे मी रंग लावायच्या आधीच आपल्याला ईमेलवर विचारलं होतं. ‘आमचा रंग सिंगल कोट आहे, क्लिअर किंवा प्राइमरची गरज नाही,’ असं आपल्या प्रतिनिधीने लेखी कळवलं. ती ईमेलही जोडली आहे. गावातल्या गॅरेजमधला पेंटर ती वाचून हसला. मग मी दोघांचंही ऐकायचं ठरवलं.

उजव्या बाजूचे टवके आपल्या पत्रकाबरहुकूम भरले : कोरड्या कपड्याने पुसणे, कागद फिरवणे, रंग लावणे, २० मिनिटं थांबणे. डाव्या बाजूला पेंटरची पद्धत. आधी टवके गोड्या पाण्याने भरपूर धुतले, कारण खार नुसता पुसून जात नाही. तो रंगाखाली राहिला की ओल ओढत बसतो आणि वरचा थर फुगवतो. धुऊन झाल्यावर गाडी उन्हात पूर्ण सुकवली. गंज खरवडला, उरलेल्या डागांवर फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण लावून ते पुसून काढलं, मग थेंबभर प्राइमर, त्यावर आपल्याच बाटलीतला रंग दोन पातळ हातांत, आणि शेवटी पेंटरकडचा हार्डनर (थर कडक करणारं रसायन) घातलेला क्लिअर. बाटलीच्या झाकणातला ब्रश टवक्यापेक्षा रुंद असल्यामुळे डावीकडे तो वापरलाच नाही, काडीच्या टोकाने रंग सोडला. (हा ब्रश कोणी ठरवला असेल, त्याने एकदा स्वतःच्या गाडीवर चालवून पाहावा.)

पावसाळा गेला. डावीकडचे ठिपके जवळून पाहिले तर दिसतात, पण जिथल्या तिथे आहेत. उजवीकडे पुढच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फोड आले आहेत. एका फोडाच्या कडेला नख लावलं तर आपल्या रंगाचा पापुद्रा अख्खा सुटून हातात आला. त्याची खालची बाजू तांबूस होती आणि पत्र्यावर तपकिरी भुकटी. भुकटी झटकली तेव्हा दिसलं की गंज टवक्याच्या बाहेर, कंपनीच्या चांगल्या रंगाखालीही सरकला आहे. म्हणजे मुगाएवढी जागा होती ती आता रुपयाएवढी घासावी लागणार. बॉनेटच्या उजव्या कडेचे ठिपके फुगले नाहीत, पण पांढुरके पडून त्यांची पूड सुटते. दोन्ही बाजूंचे फोटो जोडले आहेत.

रंगाच्या छटेबद्दलही सांगायचं आहे. वीस वर्षं उन्हात वावरलेल्या गाडीला हुबेहूब छटा मिळावी असं माझं म्हणणं नाही, आणि ब्रशने लावलेला सिल्व्हर फवाऱ्याच्या सिल्व्हरपेक्षा वेगळा दिसतो हेही मला ठाऊक आहे. पण बाटलीच्या तळाशी चांदीचा घट्ट गोळा बसला होता. बाटलीत ढवळायची गोळी नव्हती, आणि काडीने ढवळूनही तो गोळा पुरता सुटला नाही. चकत्या तळाशी राहिल्यावर वर उरतो तो नुसता करडा रंग, आणि दोन्ही बाजूंना तोच उमटला आहे. एवढा गोळा का बसला, हे लेबल पाहिल्यावर कळलं. उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेल्या जागेवर बरोबर आपल्या सवलतीचा स्टिकर चिकटवला होता. तो वाफेवर धरून काढला तर खाली तीन वर्षांपूर्वीचं साल निघालं. पॅकबंद मालावर ही माहिती ग्राहकाला वाचता येईल अशी असली पाहिजे, हा २०११च्या वैधमापन नियमांचा भाग आहे, माझी हौस नव्हे.

या सगळ्यावर आपलं उत्तर आलं ते असं : एक, किनारपट्टीच्या खाऱ्या हवेमुळे होणाऱ्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही. दोन, उघडलेली बाटली परत घेतली जात नाही.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर गाडी एकच, शेड एकच, समुद्र एकच आणि रंगही आपलाच. आपली पद्धत वापरली तिथे गंज आला, पेंटरची वापरली तिथे नाही. डावीकडे समुद्र कमी खारा आहे असं आपलं म्हणणं असेल तर तसं लेखी द्यावं. शिवाय संकेतस्थळावर ‘सर्व भारतीय हवामानांत टिकाऊ’ असं आजही झळकतं आहे. कोकण त्यातून वगळलं असेल तर तेही तिथेच लिहा, म्हणजे पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतची गिऱ्हाइकं आपले पैसे वाचवतील. आणि न उघडता बाटलीतला रंग कसा पाहायचा, ते आपणच सांगावं.

गाडी जुनी आहे म्हणून ‘एवढं काय त्यात’ असा सूर फोनवरही ऐकला. जुन्या गाडीलाच तर हे लागतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करावी लागते, गाडी पासिंगला उभी करावी लागते, आणि पत्रा एकदा सडला की रंगाच्या बाटलीने भागत नाही. तो कापून जोड द्यावा लागतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. संचाचे ₹७९९ परत मिळावेत. उजव्या बाजूचा रंग खरवडून, गंज काढून तो भाग नीट करायला पेंटरने दिलेल्या अंदाजपत्रकाची रक्कम मिळावी, ते सोबत आहे. मेटॅलिक रंगांच्या पानावरून ‘संपूर्ण संच’ हे शब्द काढावेत, किंवा संचात प्राइमर आणि क्लिअर द्यावा. पत्रकात टवका गोड्या पाण्याने धुऊन सुकवण्याची आणि गंज काढण्याची पायरी मराठीतही छापावी. बदली बाटली मात्र पाठवू नये.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. पहिल्या तक्रारीवर वरचं उत्तर आलं, पण रीतसर पोच मला अजून मिळालेली नाही, आणि आता फोन केला तर नुसती कॅसेट वाजते. या पत्रावरही महिन्याभरात लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९च्या कायद्यामुळे ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे तारखेला यावं लागेल ते आपल्या माणसाला. सुटलेला पापुद्रा, स्टिकर आणि उरलेली बाटली मी डब्यात बंद करून ठेवली आहे, ती तेव्हा दाखवता येईल.

उत्तर कृपया मराठीत आणि सहीनिशी पाठवावं.

आपली ग्राहक,
गुहागर, जि. रत्नागिरी

सोबत : बिल, ईमेलची प्रत, दोन्ही बाजूंचे व लेबलचे फोटो, पेंटरचं अंदाजपत्रक