लग्न ठरलेल्या मित्रास

नागपूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे लग्न ठरल्याचे वाचून घरात सर्वांना फार आनंद झाला. त्याच पत्रात तू विचारले आहेस की, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घेऊन जगणे मला आता मान्य झाले आहे का. आणि सोबत अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या जनुकीय उपचाराची बातमीही पाठवली आहेस. या दोन्ही गोष्टींवर फोनवर बोलणे मला जमले नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

लहानपणी माझे डोळे पिवळे दिसत आणि सगळे त्याला कावीळ समजत. माझ्या गळ्यात काविळीची माळ असायची, हे तुला आठवत असेल. थंडी पडली की नडग्या आतून ठणकू लागत. आई चुलीत वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पायाला लावी आणि ती निवली की दुसरी आणी. असे पहाटेपर्यंत चाले. नववीत असताना रक्ताच्या दोन तपासण्या, आधी सोल्युबिलिटी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस झाल्या, तेव्हा अहवालावर 'एसएस' आले, म्हणजे आजाराचे जनुक आईबाबा दोघांकडूनही आलेले. आई आणि बाबा दोघेही 'एएस', म्हणजे ते जनुक एकाच बाजूने आलेले वाहक निघाले, आणि त्या दोघांना आयुष्यात कधी काही त्रास झालेला नव्हता. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एकच अमिनो आम्ल बदलते, प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. दुखणे येते ते त्यामुळे. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, माझी दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून डोळ्यांचा तो पिवळेपणा.

दुखणे मी सोसले, पण आईची नजर मला सोसवत नसे. "माझ्याकडूनच गेलं ना रे तुला?" असे ती विचारी, उपास धरी, आणि माझ्या प्रत्येक क्रायसिसच्या, म्हणजे तीव्र दुखण्याच्या झटक्याच्या वेळी स्वतःला शिक्षा झाल्यासारखी कोपऱ्यात बसून राही. पुढे कॉलेजात असताना माझ्या वाचनात आले की, हे जनुक एकाच बाजूने आले तर ते जीवघेण्या हिवतापापासून बरेचसे संरक्षण देते, आणि म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. सुट्टीत घरी आल्यावर मी आईला सांगितले की, तुझ्या आणि बाबांच्या रक्तात जे आहे, त्याने आपल्या जंगलपट्टीतली कितीतरी लेकरे जगवली असतील. माझ्या वाट्याला ते दोन्हीकडून आले, एवढेच. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, "पुन्हा एकदा सांग." माझ्या मते, आमच्या घराने हा आजार मान्य केला तो त्या दुपारी. मला स्वतःला मात्र त्यानंतरही बराच काळ लागला.

आता रोज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल आणि फोलिक ॲसिड घेतो, ठरलेल्या वेळी रक्त तपासून घेतो, पाण्याची बाटली जवळ बाळगतो. हायड्रॉक्सीयुरियाने गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा वाढते आणि पेशी कमी वाकतात; माझे क्रायसिस त्याने खरोखरच कमी झाले. कार्यालयात मात्र, चेहऱ्यावर काही दिसत नसल्यामुळे, रजेच्या अर्जावर अजूनही शंका घेतली जाते, आणि त्याचा मला राग येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश असूनही ते प्रमाणपत्र घ्यायला मी फार दिवस टाळाटाळ करत होतो. खुब्याचा सांधा झिजल्यावर शेवटी घेतले.

तू पाठवलेल्या बातमीतल्या त्या नव्या उपचारात रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) काढून, त्यांत बदल करून, कडक केमोथेरपीनंतर परत शरीरात सोडतात, आणि त्याची किंमत वीस लाख डॉलरहून जास्त आहे. तो निघाला याचा मला मनापासून आनंद आहे, पण माझा दिवस मी त्याच्या भरवशावर आखत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण दोघे एकाच तालुक्याचे, आणि तुझी होणारी पत्नीही तिकडचीच. लग्नाआधी दोघांनीही सरकारी रुग्णालयात जाऊन सिकलसेलची तपासणी करून घ्या. एकच जण वाहक निघाला आणि दुसऱ्याचा अहवाल पूर्ण निर्दोष असला, तर मुलाला हा आजार होत नाही. दोघेही वाहक असलात, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता माझ्यासारख्या मुलाची असते. दोघेही वाहक निघालात तरी लग्न मोडू नकोस. गर्भाची तपासणी वेळेत करता येते, फक्त होणाऱ्या पत्नीच्या घरच्यांना आधी मोकळेपणाने सांग. तुला संकोच वाटत असेल, तर त्यांच्याशी मी बोलेन.

लग्न थंडीत आहे, तेव्हा माझी सोय तळमजल्यावरच्या खोलीत कर आणि पांघरुणे जास्तीची ठेव. आईही येणार आहे. अहवाल आले की लगेच कळव.

तुझाच,
मित्र