लॉट घ्यायला सगळे, काच घ्यायला कोणीच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ई-कचऱ्याच्या धंद्यावर लेख आला होता, जुने कॉम्प्युटर लॉटमध्ये, म्हणजे एकगठ्ठा, घ्या, तोडा, विका आणि बक्कळ कमवा अशा अर्थाचा. तो वाचून आमच्या गाळ्यावर पोरं चौकशीला यायला लागलीत, एकजण तर आईचे दागिने गहाण ठेवून पहिला लॉट उचलतो म्हणाला. मी पुण्यात बरीच वर्षं हाच धंदा करतोय, म्हणून त्या लेखात जे आलं नाही ते लिहितोय.

सोन्याचं आधी सांगतो, कारण सगळे त्यालाच भुलतात. बॅटऱ्या काढलेले जवळपास दहा हजार जुने मोबाईल जमवले की एक टन भरतो आणि त्यात सोनं असतं दोन-तीनशे ग्रॅम. ते नीट काढायला मोठी भट्टी आणि धूर अडवणारी यंत्रणा लागते. घरामागे बादलीत ॲसिड ओतून आतले सर्किट बोर्ड बुडवले तर थोडं हाताला लागतं, बरंच वाया जातं आणि वाफ थेट छातीत जाते. मुरादाबादला रामगंगेच्या काठावर बोर्ड जाळून काळी राख नदीत जायची, तिथल्या लोकांनी काय भोगलं हे देशाला माहिती आहे, तरी पोरं व्हिडिओ बघून ॲसिडची कॅन आणतात. कृपा करून असे प्रयोग मोठ्या कौतुकाने छापू नका.

या धंद्यात पैसा आहे तो निवडण्यात. लॉट गाळ्यावर आला की आधी चालू माल बाजूला, रॅम, प्रोसेसर, हार्डडिस्क, चालणारे एलसीडी मॉनिटर हे सगळं नगावर जातं, किलोवर नाही. दोन बंद कॉम्प्युटरचे पार्ट जुळवून एक चालू केला तर त्याला भंगाराच्या कितीतरी पट भाव येतो आणि एखाद्या क्लासमध्ये किंवा गावच्या शाळेत तो अजून चार वर्षं चालतो. मग राहतं ते किलोचं काम, कॅबिनेटचं लोखंड वेगळं, पॉवर सप्लायमधलं तांबं वेगळं, प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हिटसिंकचं ॲल्युमिनियम वेगळं, हिरवे बोर्ड वेगळे आणि टीव्हीचे ब्राउन बोर्ड वेगळे कारण त्यांना भाव अगदीच कमी. हे ज्याला डोळ्याने कळतं तो टिकतो. आणि लॉट बघायला गेलात तेव्हा मशीन भरलेली होती म्हणून उचलायच्या दिवशीही तशीच मिळेल असं धरून बोली लावू नका, मधल्या मध्ये रॅम गायब होतात, म्हणून बघतानाच कॅबिनेट उघडून फोटो काढा आणि नगांची यादी सही-शिक्क्याने घ्या. बिलाने घेणाऱ्याने जीएसटीही धरावा, जुलै 2022 मध्ये ई-कचऱ्यावर तो 5 वरून थेट 18 टक्के झाला आणि तेव्हापासून कच्च्या पावतीवाल्यांशी स्पर्धा करणं फार अवघड झालंय.

पण मला खरं बोलायचंय ते लॉटमधल्या न विकणाऱ्या मालाबद्दल. शाळांच्या अडगळीच्या खोल्यांत अजून जुने डबा मॉनिटर पडलेत, आत काचेची मोठी पिक्चर ट्यूब असलेले. त्या ट्यूबची मान फोडून तांब्याचं वेटोळं काढायला पाच मिनिटं लागतात, ते लगेच विकलं जातं, मागे राहते ती जाडजूड काच आणि त्या काचेत शिसं असतं. ती काच कुठलाच भंगारवाला घेत नाही, उलट नीट विल्हेवाट लावायची तर गाडीभाडं धरून पदरचे पैसे जातात. मग ती रात्री ओढ्याच्या कडेला जाऊन पडते. प्रिंटरच्या टोनरची पावडर, फ्रिजचा फोम, जळकं प्लास्टिक सगळ्याची हीच गत. जो हे सगळं ओढ्यात टाकणार तो लॉटला जास्त बोली लावू शकतो, जो प्रामाणिकपणे रिसायकलरकडे पाठवणार त्याची बोली कमीच येणार, आणि आपल्याकडे लॉट मिळतो तो सगळ्यात जास्त बोलीवाल्याला. म्हणजे शाळा, बँका, पतसंस्था स्वतःच नकळत ओढ्यात टाकणाऱ्याला निवडतात.

कायदा आहे, नाही असं नाही. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले, पण त्यात ई-कचरा नोंदणी असलेल्यांकडेच द्यायचं बंधन आहे ते मोठ्या ग्राहकावर, आणि मोठा ग्राहक कोण तर ज्याच्याकडे वर्षात कधीतरी विजेवर चालणाऱ्या वस्तूंचे किमान एक हजार नग वापरात असतील तो. आपल्या किती शाळा, किती सोसायट्या त्यात बसतील? वर माल बनवणाऱ्या कंपन्यांना रिसायकलिंग झाल्याचा पुरावा म्हणून रिसायकलरकडून जी सर्टिफिकेटं विकत घ्यावी लागतात ती सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम या चार धातूंवर निघतात. हे धातू तर आम्ही असेही वेचून काढतोच, त्यासाठी कायद्याची गरज नव्हती. काचेला आणि फोमला कोणी विचारत नाही. आणि नोंदणी उत्पादक, निर्माते, दुरुस्ती करणारे आणि रिसायकलर यांची, आमच्यासारखा जो दारोदार माल गोळा करून निवडतो त्याच्यासाठी त्यात रकानाच नाही. आम्हाला नोंदणी द्या, तपासणीला या, आम्ही तयार आहोत.

तोपर्यंत लॉट विकणाऱ्यांनी एवढं तरी करावं. अख्खा लॉट एकालाच द्यावा, अनामतीतला काही भाग अडवून ठेवावा आणि काच, टोनर, प्लास्टिक नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे वजन करून दिल्याची पावती आणली की मगच तो सोडावा. कॉम्प्युटर देताना हार्डडिस्क समोर उभं राहून मोडून घ्यावी किंवा पुसून घ्यावी, मुलांचे दाखले आणि खातेदारांचे कागद त्यात तसेच असतात, मी डोळ्याने बघितलेत. याने लॉटचे पैसे थोडे कमी येतील, तेवढं सोसावं.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला जाहीर लिलावाच्या नोटिसा असतात. वापरात नसलेले संगणक व इतर साहित्य जसे आहे तसे, उच्चतम बोली, अनामत इतकी, उचलण्याची मुदत इतकी. काचेचं काय करणार, हा प्रश्न त्यातल्या एकाही नोटिशीत मी आजवर वाचलेला नाही. धंद्यावर परत लेख केलात तर लॉट विकणाऱ्या संस्थांना जाऊन हाच प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरं छापा.

– एक भंगार व्यापारी, पुणे