सायकल कितीची ते सोडा, पायडल खोलता येतं का?

मा. संपादक,
स.न.

सायकलवर अमुक देश पालथा घातला अशी बातमी आपल्या पेपरात अधूनमधून येते, फोटोत झेंडा, हेल्मेट, गळ्यात हार, वाचून बरं वाटतं. पण निघायच्या आधी त्या माणसाने काय काय केलं याची एक ओळ नसते, आणि पहिल्यांदाच निघणाऱ्याला नेमकं तेच पाहिजे असते.

मी आणि माझा मित्र येत्या सप्टेंबरात जर्मनीतल्या पासाऊपासून डॅन्यूबच्या काठाकाठाने व्हिएन्नापर्यंत जाऊन राहिलो. सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सपाट आणि बराचसा सायकलींसाठी वेगळा रस्ता, म्हणून तर नवख्यांना लोक हाच सुचवतात. हे सांगितलं की चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न ठरलेला, सायकल कितीची घेतली? दुसरा, रोज शंभर मारत असाल ना, बाप्पा! आपल्या नागपूरच्याच डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिकेतली रॅम, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, एकट्याने पूर्ण केली तेव्हापासून सायकल म्हटलं की लोकांच्या डोक्यात तेच, बारा दिवसांत ४८०० किलोमीटर. त्यांना सलामच आहे, पण तिथे मागे क्रूची, म्हणजे मदतनीसांची, गाडी असते. टूरवाल्याचं सामान, पाणी, पंक्चर सगळं त्याच्याच बुडाखाली.

म्हणून विचारायचंच असेल तर हे विचारा की भरलेली सायकल लागोपाठ दोन दिवस चालवली का. आम्ही पॅनियरमध्ये, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या बॅगांमध्ये, तांदळाच्या पिशव्या कोंबून, बारा-तेरा किलो करून रामटेकला गेलो, मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी परत. पन्नासेक किलोमीटर म्हणजे काही नाही असं वाटते, पण भरल्या सायकलवर उभं राहून पायडल मारलं की मागचा भाग शेपटीसारखा हलतो, ब्रेक लावल्यावर नेहमीपेक्षा पुढे जाऊन थांबते, साइड स्टँडवर लावून पाणी प्यायला वळलं की धाडकन आडवी. आणि दुसऱ्या दिवशी सीटवर बसताना जे होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. जड सामान खाली आणि दोन्हीकडे सारखं ठेवायचं हे व्हिडिओत दहादा पाहिलं होतं, कळलं मात्र कामठीच्या पुढे.

दुसरी गोष्ट खोक्याची. विमानात सायकल खोलून न्यावी लागते. खोका फुकट मिळते, नवीन सायकली ज्यात येतात तेच दुकानदार रद्दीत घालतो, आधी सांगून ठेवा. डावं पायडल उलट्या आट्याचं असते, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं तर सुटते, हे माहीत नसेल तर माणूस जोर लावून लावून ते आणखी घट्ट करत बसतो. हँडल वळवून फ्रेमला बांधायचं, टायरची हवा थोडी कमी करायची आणि मागचा गिअर ज्या हँगरवर असतो तो जपायचा. हा मऊ ॲल्युमिनियमचा तुकडा खोका आपटला की पहिला वाकतो, आणि जवळपास प्रत्येक मॉडेलचा वेगळा, तिकडच्या दुकानात आपलाच मिळेल याची गॅरंटी नाही, म्हणून एक जास्तीचा इथूनच न्यायचा. लाखाची सायकल घेणारे हा काहीशे रुपयांचा तुकडा विसरतात. पॉवर बँक खोक्यात टाकायची नाही, हातातल्या बॅगेत. वजनाचे आणि मापाचे नियम प्रत्येक विमान कंपनीचे वेगळे, तिकीट काढायच्या आधी विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या, काउंटरवर फोनवरचं बोलणं कोणी ऐकत नाही.

व्हिसाचं तर काही विचारू नका. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, कुठल्या रात्री कुठे झोपणार ते दाखवावं लागते, आणि सायकलवाल्याला संध्याकाळी कुठे पोचू हे सकाळीही माहीत नसते. आम्ही रोजचे पन्नास-साठ किलोमीटरच धरले आणि तशी बुकिंग केली. जास्त रात्री ऑस्ट्रियात म्हणून अर्ज ऑस्ट्रियाचा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण त्यात सायकलिंग वगळलेलं नाही ना ते बारीक अक्षरात वाचा, एजंट स्वतःहून सांगत नाही.

एक गोष्ट मात्र नागपुरात शिकताच येत नाही, उजवीकडून चालवायची. तसं आपल्या वर्धा रोडवर राँग साइडने येणाऱ्यांची प्रॅक्टिस सुरूच असते म्हणा. आम्ही डाव्या हँडलला आरसा लावून घेतला.

तर विनंती अशी की अशा बातम्यांसोबत त्या माणसाची सामानाची यादी आणि खर्चाचा हिशेबही छापा, हार थोडा लहान आला तरी चालेल. आणि तुटलेला स्पोक बदलून चाकाचा आउट काढायला, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करायला, शिकवेल असा एखादा मिस्त्री वाचकांच्या माहितीत असेल तर कळवावं, भाड्याने सायकल देणारी दुकानं गेली तसे ते हातही गेले, आणि मागच्या चाकाचा स्पोक भरल्या सायकलवरच तुटतो.

आपला वाचक,
मानेवाडा, नागपूर