वाद घालायला पुण्यात जागा कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पानावर एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं, टिळक-आगरकरांच्या पुण्यात आता देशाच्या प्रश्नांवरची चर्चा बिअरच्या ग्लासावर व्हायला लागली, कसलं अधःपतन वगैरे. पत्र झकास लिहिलंय, त्यात वाद नाही. पण काका (काकाच म्हणते, राग नसावा), ते बिअरवाले म्हणजे आम्हीच. म्हणजे नेमकं आमचंच टेबल तुम्ही पाहिलं नसेल, पण तसलंच. म्हणून म्हणलं उत्तर द्यावं.

आम्ही सहाजण. मी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, एक सिव्हिल इंजिनियर, एक डॉक्टरीण, एक सीए, एक आयटीवाला, आणि मराठी शाळेतले एक सर जे अजिबात पीत नाहीत, लिंबूसोडा मागवतात आणि सगळ्यात जास्त तेच भांडतात. मतं म्हणाल तर दोघं एका टोकाचे, दोघं दुसऱ्या, सीए दर निवडणुकीला वेगळीकडे आणि माझं मी सांगणार नाही. महिन्यातून एखाद-दुसरा शुक्रवार बाणेर-बालेवाडीकडे कुठल्यातरी मायक्रोब्रुअरीत, म्हणजे स्वतःची बिअर स्वतःच बनवणाऱ्या पबात, जमतो. आणि हो, दारूचा परवाना लागतो हे माहितीये, आमच्या सगळ्यांकडे आजन्म परवाना आहे, फक्त सरांकडे नाही.

आता बिअरच का, चहा का नाही? खरं उत्तर असं की चहाला बसू कुठं देतात हो? अमृततुल्यात उभ्या उभ्या कटिंग मारायचा आणि सुटायचं, फर्ग्युसन रोडला रविवारी टेबल मिळालंच तर वेटिंगवाले खुर्चीला टेकून आपल्या डोश्याकडं बघत असतात, आणि सोसायटीच्या कट्ट्यावर राजकारण काढलं की कमिटीतलं कुणीतरी येऊन विषय बदलतं. घरी जमावं तर ज्याच्या घरी जमतो त्याची बायको किंवा ज्याच्याकडं आई आहे ती आई स्वैपाकघरात अडकते, म्हणजे सहा जण बोलणार आणि सातवी पोहे करणार. हा मुद्दा काकांच्या पत्रात कुठंच नव्हता. जुन्या पुण्यातले ते सगळे नामांकित कट्टे आणि बैठका, तिथं बायका किती असायच्या? मला टेबलावर बसून, समोरच्याचं वाक्य तोडून, "आकडे दाखव" असं म्हणता येतं ते इथंच, आणि इथं कुणी माझ्याकडं चहाचा ट्रे देत नाही.

दुसरं म्हणजे ही बिअर घटाघट प्यायची नसतेच. दुकानात मिळते ती स्ट्राँग आठ टक्क्यांपर्यंत जाते आणि बर्फासारखी गार करून पितात कारण चव कळू नये हेच बरं असतं. मायक्रोब्रुअरीतली साधारण पाच टक्क्यांची, तिथंच टाक्यांत केलेली, सातूचं माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. गव्हाची जी मिळते तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आत ना केळं ना लवंग, सगळी त्या यीस्टची करामत. डॉक्टरीणबाईंनी यावर एकदा अर्धा तास घेतला होता, केळ्याच्या वासाचं ते एस्टर नावाचं रसायन कसं तयार होतं वगैरे, आम्ही मतदारयादीवर बोलत होतो खरं तर. २००९ साली पुण्यात डूलाली नावाच्या मायक्रोब्रुअरीनं ही अशी ताजी बिअर सुरू केली तेव्हा लोकांना ती गढूळ का दिसते हेच कळायचं नाही, आता पुणं त्यासाठी ओळखलं जातं. आणि एका ग्लासाला चारशेच्या आसपास मोजायला लागतात म्हटल्यावर तो ग्लास तासभर पुरवायची अक्कल आपोआप येते. तासाभरात एक विषय नीट होतो.

उदाहरण देते, नाहीतर म्हणाल नुसतं कौतुक. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घराघरात पाणी शिरलं ते सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतरच्या शुक्रवारी टेबलावर तोच विषय, आणि त्याला जोडून मुळा-मुठेचा नदीकाठ सुधार प्रकल्प, ४४ किलोमीटरचा. इंजिनियर प्रकल्पाच्या बाजूनं, सर एकदम विरोधात, बांध घालून नदी आवळली की पाणी जाणार कुठं म्हणून. आवाज चढले. तेवढ्यात आयटीवाला म्हणाला की तो नदीजवळ फ्लॅट बघतोय, ब्रोकरनं सांगितलंय की निळ्या पूररेषेच्या अगदी कडेला आहे पण ती रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आहे, नुकताच पूर येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत.

इथं मला ग्लास खाली ठेवावाच लागला. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दर २५ वर्षांनी एसटीसारखा वेळापत्रकानं येणार असं नाही हो. त्याचा अर्थ दरवर्षी चार टक्के शक्यता, यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची कमी होत नाही. मग टिश्यू पेपरवर हिशेब मांडला, वीस वर्षांचं होमलोन धरा, एकही वर्ष पूर येणार नाही याची शक्यता म्हणजे ०.९६ वीस वेळा गुणायचं, येतात ०.४४. म्हणजे कर्ज फिटायच्या आत एकदा तरी पाणी त्या रेषेपर्यंत येण्याची शक्यता ५६ टक्के. निम्म्याहून जास्त! सीए इतकी वर्षं लोकांची लोन करून देतोय, तोही गप्प झाला. इंजिनियरनं मग लाल रेषेचं सांगितलं, ती शंभर वर्षांतून एकदावाली, आणि हेही कबूल केलं की वरच्या धरणक्षेत्रात पाऊस बदलला, ओढे-नाले बुजवले, जमीन सगळी काँक्रीटची झाली की हे चार टक्के पण चार राहत नाहीत, ते जुन्या नोंदींवरून काढलेले असतात. हे त्याच्याच बाजूच्या विरोधात जाणारं होतं, तरी बोलला. सरांनी पण मग मान्य केलं की आज नदी जशी आहे, सांडपाण्याची, तशीच राहू द्या असं काही त्यांचं म्हणणं नाही. निकाल काहीच लागला नाही. पण फ्लॅट घेतला नाही त्यानं.

मला सांगा हे कुठल्या व्याख्यानात झालं असतं?

व्याख्यानं वाईट असं मी म्हणत नाहीये. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ ला वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आजही चालू आहे, दुसऱ्या कुठल्या शहरात असं आहे? पण एकंदर आपल्याकडं व्याख्यान म्हणजे दीपप्रज्वलन, परिचय, शाल-श्रीफळ, वक्ता, अध्यक्षीय समारोप, आभार, आणि मग खुर्च्या गोळा करणारे काका आपल्याकडं बघायला लागतात. मागं एका कार्यक्रमात (नाव नको) वक्त्यांनी एक आकडा साफ चुकीचा सांगितला, मी हात वर केला तर संयोजक म्हणाले प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, वेळ उरला तर घेऊ. वेळ उरत नसतोच. तीनशे माणसं तो आकडा घेऊन घरी गेली. ऐकायच्या जागा या शहरात ढीगभर आहेत, उलट बोलायची एक दाखवा.

आणि पेयावरून म्हणाल तर पुण्याला त्याचा इतिहास आहे. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला बोलावून मंडळींना चहा-बिस्किटं दिली, त्यात रानडे, टिळक, गोखले सगळे होते, नावं पेपरात छापून आली आणि गावात हलकल्लोळ, ख्रिश्चनांच्या हातचा चहा म्हणून. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. त्या व्याख्यानाचा विषय काय होता हे आज कुणाला विचारा, सांगता येणार नाही, चहाचं मात्र पक्कं लक्षात आहे. कपात काय आहे याच्याकडंच बघायची सवय जुनीच आहे आपली, काका एकटे नाहीत.

बिअरचं आणि डोक्याचं वाकडं आहे असं जे काकांनी गृहीत धरलंय त्यावर माझ्या विषयातलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडं पोरं स्टुडंट्स टी-टेस्ट शिकतात, त्यांना वाटतं विद्यार्थ्यांसाठीची टेस्ट. ती काढली विल्यम गॉसेटनं, डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीत नोकरीला होता, सातू-हॉप्सची थोडीशीच सॅम्पलं हातात असताना किती ठामपणे बोलता येईल हा त्याचा प्रश्न. कंपनी स्वतःच्या नावानं छापू देईना म्हणून १९०८ मध्ये 'स्टुडंट' या नावानं पेपर छापला. तेव्हापासून, म्हणजे मी हे टेबलावर सांगितल्यापासून, आमच्यात कुणी "माझ्या ओळखीत एकजण आहे ना, त्याचं असं झालं" असं सुरू केलं की बाकीचे पाच एकदम ओरडतात, सॅम्पल किती? यानं जेवढी भांडणं वाचली तेवढी कशानंच नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद पेटला होता, जीआर निघाले, जूनअखेर मागेही घेतले, तेव्हा आमच्याकडंही पेटलाच, पण आयटीवाल्याच्या एका भाच्याला चार भाषा येतात हे पुराव्यात धरायचं नाही असं ठरल्यावर उरलेला वेळ सर एकटेच बोलले, पहिलीतलं पोरगं वाचायला नेमकं कसं शिकतं यावर, आणि ते आम्हाला कुणालाच माहिती नव्हतं.

दुसरा नियम असा की दुसऱ्या ग्लासानंतर ठरलेलं काहीही सकाळी ग्रुपवर परत तपासायचं. हा आमचा शोध नाही, प्राचीन इराणी लोक महत्त्वाचे निर्णय पिऊन घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर तेच परत विचारात घ्यायचे असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहून गेलाय. सकाळी निम्मं तरी गळतं.

आता काकांच्या ज्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही असं त्यांना वाटत असेल तो. कल्याणीनगर, मे २०२४. सतरा वर्षांचा मुलगा, पबातून निघालेली पोर्श गाडी, दोन तरुण इंजिनियर गेले आणि त्याला जामीन देताना आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्याचा राग आम्हालाही तेवढाच आहे, महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वय पूर्ण लागतं, ते दारात तपासलंच पाहिजे, कुणाचाही मुलगा असो. आमच्यात गाडी फक्त सर चालवतात, बाकीचे रिक्षानं. पण त्या प्रकरणातून "पबात जाणारे सगळे तसलेच" असं काढणं म्हणजे परत तेच, सॅम्पल किती?

खरा दोष वेगळाच आहे आणि तो काकांनी काढलाच नाही. ही जागा महाग आहे. आमचे सहाही जण पगार-धंदा बरा असलेले, आणि सर सोडले तर सगळे इंग्रजी माध्यमात पोरं घातलेले. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्यातलं कुणी आमच्या टेबलावर नव्हतं, त्यांच्याबद्दल आम्ही बोललो, त्यांच्याशी नाही. ही गोष्ट डॉक्टरीणबाई दरवेळी बोलून दाखवतात आणि दरवेळी त्यानंतर कुणीतरी बिल मागवतं.

म्हणून दोन विनंत्या, छापा किंवा कापा. एक व्याख्यानं भरवणाऱ्यांना. वक्त्याला चाळीस मिनिटं द्या, शाल नाही दिली तरी चालेल, आणि पुढचा तासभर माईक श्रोत्यांत फिरवा, चिठ्ठी नको. तिकडं ब्रिटनमध्ये २०१३ पासून 'पिंट ऑफ सायन्स' म्हणून चालतं, शास्त्रज्ञ पबात येऊन आपलं काम सांगतात आणि लोक समोरासमोर विचारतात. आपल्याकडं आयुका, एनसीएल, आयसर, सगळ्या संशोधन संस्था पाषाण-गणेशखिंडीच्या टापूत आहेत, पबात नको तर शाळेच्या हॉलमध्ये करा, महापालिकेच्या विरंगुळा केंद्रात करा, लिंबूसोड्यावर करा, एकतानगरीत जाऊन करा.

दुसरी मायक्रोब्रुअरीवाल्यांना. अहो, तो म्युझिकचा आवाज! साडेआठ वाजले की काउंटरवरचा मुलगा कुठलंतरी बटण फिरवतो आणि समोरच्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. आठवड्यातून एक वार ठेवा बिनगाण्याचा, मंगळवार ठेवा, तसाही रिकामाच असतो तुमचा.

आणि काका, त्या मंगळवारी या तुम्ही. सरांच्या शेजारी बसा, बिअरचा आग्रह कुणी करणार नाही. फक्त पत्रात जे "हल्लीच्या पिढीत दहातले नऊ जण पेपर वाचत नाहीत" लिहिलंय ना, ते कुठून काढलं ते सांगायची तयारी करून या.

आपली,
एक वाचक (आणि वर्गणीदार),
कर्वेनगर, पुणे