कारागिरांना मुदतीची तारीख कळू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझे यजमान बडोद्यात पंचवीस वर्षे फरशीकामाचे ठेके घेत. हिशोबाची वही मी लिहीत असे. अलकापुरीतल्या एका इमारतीचे ४ लाख ८० हजार रुपये बिल्डरकडे राहिले. काम १८ मार्च २०१६ ला संपलं, तशी वहीत नोंद आहे. हे दर महिन्याला जायचे आणि "आवता महिने, चोक्कस" (पुढच्या महिन्यात, नक्की) हे ऐकून परत यायचे. माणूस बोलायला चांगला, म्हणून आम्ही थांबलो. २०१९ च्या दिवाळीनंतर वकिलांकडे गेलो तेव्हा कळलं, की पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल तर काम झाल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. आमची मुदत मार्चमध्येच गेली होती. तोंडी वायद्याने ती वाढत नाही. ती संपण्याआधी "इतके देणे आहे" एवढं सहीनिशी लिहून घेतलं असतं, तर त्या दिवसापासून पुन्हा ३ वर्षं मिळाली असती. बिल्डरने दिलंही असतं कदाचित. मागायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

माझा मुलगा अमेरिकेत, फ्लोरिडात हेच काम करतो. त्याचेही पैसे अडकले. तिथे कारागिराला शेवटच्या कामापासून ९० दिवसांत त्या घरावर बोजा नोंदवता येतो, लियन म्हणतात. त्यानंतर १ वर्षात दावा लावायचा. मुख्य कंत्राटदाराने कोर्टाच्या क्लार्ककडे बाँड, म्हणजे पैशांची हमी, भरला आणि बोजा घरावरून बाँडवर नेला. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, पैसे आता कुठे जात नाहीत, घाई कशाला?" माझ्या पोटात गोळा आला. हे असंच मी घरात तीन वर्षं ऐकलं होतं. त्याला त्याच आठवड्यात वकिलाकडे पाठवलं. बाँड आला म्हणून नवं वर्ष मिळत नाही, मूळ बोजा नोंदवल्याची तारीखच धरतात. वेळेत दावा नसेल तर क्लार्क बाँड परत करतो. मालकाने बोज्याला हरकतीची नोटीस दिली, तर साठच दिवस उरतात. दावा चालू असताना बोजा बाँडवर गेला, तर त्या दिवसापासून १ वर्षात बाँडवर मागणी लावायची. मुलाच्या हातात तेव्हा तीन आठवडे होते. त्याने दावा लावला.

आपल्याकडे कारागिराला इमारतीवर असा बोजा चढवायची सोय नाही. म्हणून तर सही आणि तारीख आणखीच जपायला हवी. आपल्या गावात मराठी रंगारी, सुतार, वायरमन पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी ही ३ वर्षांची मुदत आणि लेखी कबुलीची गोष्ट महिन्यातून एकदा चौकटीत, सोप्या मराठीत छापावी, ही कळकळीची विनंती.

यजमान २०२१ मध्ये गेले. वही माझ्याकडे आहे. कुणा नव्या ठेकेदाराला पाहायची असेल तर मी दाखवीन.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे