माझं दुखणं मला स्वतःला सांगू दिलंत

दुभाषी ताईंना सप्रेम नमस्कार,

वयाने तुम्ही माझ्याहून पुष्कळ लहान, तरी मी ताईच म्हणते. आधी बातमी सांगते: रिपोर्ट चांगला आला. गर्भाशयातली गाठ साधी निघाली, कर्करोग नाही. दुर्बिणीने ती काढली ते मोठ्या रुग्णालयात, आणि तिथे फोनवरून दुसऱ्याच बाई दुभाषाचं काम करत होत्या, त्यामुळे हे तुमच्या कानावर आलं नसेल. रुग्णांना तुम्ही स्वतःचा नंबर देत नाही, तो तुमचा नियम मला मान्य आहे. म्हणून हे पत्र असं उघडच लिहिते आहे. नाव तुमचंही घेत नाही आणि माझंही सांगत नाही.

इथल्या भाषेत मी दोन-चार गोष्टी मागू शकते, पत्ता विचारू शकते. पण दुखणं सांगायला तेवढी भाषा पुरत नाही. आजवर मुलगा रजा काढून सोबत यायचा. रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघे, चष्म्याचा नंबर, सगळं त्याने मायेने सांभाळलं. पण पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावर रक्त जाऊ लागलं, तेव्हा ते त्याच्या तोंडून डॉक्टरांना कसं सांगायचं? आम्हा दोघांनाही ते जमणारं नव्हतं. बायका यावर गप्प का बसतात, हे ज्यांना कळत नाही त्यांनी एकदा आपल्या मुलाला शेजारी बसवून हे वाक्य उच्चारून पाहावं.

त्या दिवशी तुमच्या दवाखान्यात नाव नोंदवताना विचारलं, दुभाषी हवी का? मुलगा बाहेर बसला आणि तुम्ही आत आलात. डॉक्टरांनी काही विचारायच्या आधी तुम्ही मला सांगितलंत, "तुम्ही बोलाल ते सगळं मी डॉक्टरांना सांगणार, डॉक्टर बोलतील ते सगळं तुम्हाला. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. माझ्याकडे नको, डॉक्टरांकडे बघून बोला." मग खुर्ची माझ्या बाजूला, जराशी मागे ओढून बसलात.

तुम्हाला हे नेहमीचं असेल, पण मला सगळं नवीन होतं. माझं बोलणं तुम्ही "त्या म्हणतात" असं न सांगता "मला होतंय" असं सांगत होतात. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या. मी हळू बोलले की तुमचाही आवाज खाली यायचा. मी पाल्हाळ लावलं तरी तुम्ही त्यातलं काही गाळलं नाहीत, आणि डॉक्टरांची गाडी सुसाट निघाली की हात वर करून त्यांना थांबवलंत. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेता का, हार्मोनच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या का, अंगावर जातं ते डागापुरतं की जास्त, असं एकेक विचारणं झालं आणि प्रत्येकाचं उत्तर मी स्वतः दिलं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायलाच हवी. मध्येच मी तुमचा हात धरून विचारलं होतं, "ताई, तुम्हीच सांगा, कॅन्सर असेल का हो?" तुम्ही "छे, काही होत नाही" म्हणाला नाहीत. म्हणालात, "हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारते," आणि तसाच्या तसा विचारलात. त्या क्षणी मला ते जरा लागलं. आपलं माणूस, आपली भाषा, दोन शब्द धीराचे दिले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटून गेलं. पण मग डॉक्टर शांतपणे बोलल्या. पाळी गेल्यावर रक्त जाणाऱ्या १० बायकांपैकी साधारण ९ जणींना कर्करोग नसतो, पण तो कोणाला आहे आणि कोणाला नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि लवकर सापडला तर उपचार चांगले होतात. तुमच्या धीरावर विसंबून मी घरी गेले असते आणि तपासणी पुढे ढकलत बसले असते, हे मी स्वतःला ओळखून सांगते. डॉक्टरांच्या त्या उत्तरामुळे मी सोनोग्राफीला गेले.

गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ४ मिलिमीटरच्या वर निघाली, म्हणून बायोप्सी, म्हणजे त्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासणं, ठरली. संमतीचा कागद तुम्ही ओळीन् ओळ वाचून दाखवलात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, क्वचित गर्भाशयाला छिद्र पडू शकतं, हेसुद्धा. घाबरले मी, पण सही केली ती समजून केली. तपासणीच्या वेळी तुम्ही पडद्याच्या या बाजूला, माझ्या डोक्याशी, तपासणीकडे पाठ करून उभ्या राहिलात. दिसत काही नव्हतं तुम्हाला, पण "आता कळ येईल, श्वास सोडा" हे वेळेवर माझ्या कानात पडत होतं. निघताना डॉक्टरांनी मला सगळं माझ्या शब्दांत परत सांगायला लावलं: किती रक्त गेलं तर, ताप आला तर, कधी यायचं. ते मी सांगितलं आणि तुम्ही जसंच्या तसं त्यांच्यापर्यंत पोचवलंत, माझी चुकलेली एक गोष्टसुद्धा. ती डॉक्टरांनीच दुरुस्त केली.

या कामाचे तुम्ही पैसे घेत नाही हे मला नंतर कळलं. सुट्टीच्या दिवशी येता, पिशवीतल्या वहीत आजारांचे आणि अवयवांचे शब्द दोन्ही भाषांत लिहून ठेवता. दोन भाषा येणारी माणसं पुष्कळ असतील. पण समोरच्याचं बोलणं पदरचं काही न घालता, न वगळता पोचवायचं, ऐकलेलं सगळं पोटात ठेवायचं आणि लगेच पुढच्या रुग्णाकडे वळायचं, याला फार मोठा संयम लागतो. तुमच्याकडे तो आहे, आणि त्याचा मला केवढा उपयोग झाला हे तुम्हाला कळावं म्हणून एवढं लिहिलं.

मुलाला मी सगळं सांगितलं, घरी आल्यावर, मला जमेल तसं आणि जमेल तेवढं. तोही तुम्हाला नमस्कार सांगतो. आता तो मला दवाखान्यात सोडतो आणि बाहेर पेपर वाचत बसतो.

माझ्या ओळखीच्या एका बाईंना असाच त्रास आहे. त्यांना म्हटलं, नाव नोंदवतानाच दुभाषी मागून घ्या, बाईच हवी असेल तर तसंही सांगा, आणि सुनेला बाहेर थांबू द्या. पुढच्या आठवड्यात त्या येतील.

तुमची कृतज्ञ,
एक रुग्ण