पत्र्याखालचं घड्याळ

चिपळूण,
14 जून

प्रिय पद्या,

दिवाळीत तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा मी "गिऱ्हाईक आहे रे, मग करतो" म्हणालो, आणि तो 'मग' आता जूनमध्ये उगवतोय. शिव्या घालून घे आणि पुढे वाच. प्रकृती ठीक. साखर आहे तिथेच आहे, गुडघा पावसाची वर्दी देतो. मंजू बरी आहे.

आताही फोनच केला असता. पण माझा फोन जातो आमच्याच गच्चीवरच्या टॉवरवरून, आणि गोष्ट त्याच टॉवरची आहे. त्याच्याच तोंडून त्याची चहाडी करायची म्हणजे कसंतरीच वाटतं. शिवाय ही गोष्ट इथे कुणाला सांगण्यासारखी नाही. अण्णांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात माझ्याशेजारी डोळ्याला भिंग लावून ज्याने बॅलन्स हलवलाय, त्यालाच ती कळेल.

तर असं झालं. गच्ची दोन वर्षं गळत होती. मेच्या शेवटच्या गुरुवारी पत्रे टाकून घेतले. टॉवरच्या खोक्याजवळ एका पाइपावर वाटीएवढी पांढरी वस्तू आहे, थेट आपल्याकडच्या अळंब्यासारखी. मला वाटायचं पाऊस मोजायचं काहीतरी असेल. पत्रेवाला म्हणाला, "हिला पण आडोसा झाला तर बरंच की." मी म्हटलं, होऊ दे. अळंब्याच्या डोक्यावर चांगला जाड पत्रा आला.

शुक्रवारी सकाळी बाजारपेठेतले फोन गेले. सगळ्यांचे नव्हे, एकाच कंपनीचे, पण आपल्या निम्म्या पेठेकडे तेच कार्ड. बंड्याच्या हॉटेलात लोक मिसळ खाऊन बसून राहिले, पैसे जाईनात. नोटा कोण बाळगतो हल्ली? बंड्याने भिंतीवर खडूने उधारी लिहिली, अगदी त्याच्या वडिलांसारखी. शनिवारी आम्ही कंपनीला खरमरीत अर्ज केला. मसुदा माझा. पहिली सही माझी! "जनतेच्या संयमाचा अंत पाहू नये" हे वाक्यही माझंच. हस मेल्या, हस.

मंगळवारी एक पोरगा आला, पाठीला सॅक, लातूरकडचा. खोकं उघडलं, लॅपटॉप लावला, मग मान वर करून पत्र्याकडे बघत राहिला. "काका, हे कधी टाकले?"

मी म्हटलं, गुरुवारी.

तो काही बोलला नाही. पान्ह्याने दोन पत्रे सोडवले आणि बाजूला सरकवले. थोड्या वेळाने लॅपटॉपवरच्या लाल ओळी एकेक करून हिरव्या झाल्या. खाली रस्त्यावर कुणाचा तरी फोन वाजला.

मी विचारलं, म्हणजे आमचे फोन उपग्रहावरून जातात? तो हसला. "नाही काका. त्या अँटेनातून फोन जात नाही. फक्त वेळ येते."

पद्या, मी तिथेच पत्र्याच्या ढिगावर बसलो.

त्याने समजावलं ते तुला आपल्या भाषेत सांगतो. शेजारशेजारचे टॉवर एकाच लहरीवर बोलतात. बोलायचं तेव्हा सगळ्यांनी बोलायचं, ऐकायचं तेव्हा सगळ्यांनी ऐकायचं. शिमग्याच्या ढोलात एकाचा हात पुढेमागे झाला की सगळा ताल बिघडतो, तसंच. फरक चालतो तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या, म्हणजे मायक्रोसेकंदाच्या, दीडपट, त्यावर नाही. ही वेळ जीपीएसच्या उपग्रहांकडून घ्यायची, वीस हजार किलोमीटरवरून. वेळ यायची बंद झाली की खोक्यातलं स्वतःचं घड्याळ काही तास तग धरतं, मग सरकायला लागतं. तेव्हा टॉवर आपणहून गप्प बसतो, शेजाऱ्यांचा ताल बिघडू नये म्हणून. म्हणून गुरुवारी पत्रे आणि शुक्रवारी बोंब. मध्ये रात्र गेली, त्यामुळे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही.

अण्णा काय म्हणायचे आठवतंय? बंद पडलेलं घड्याळ गिऱ्हाइकाला दुकानात आणतं, चुकीचं चालणारं त्याची एस.टी. चुकवतं. 26 जानेवारी 2016 ला अगदी हेच झालं होतं. अमेरिकेने एक जुना जीपीएस उपग्रह कामावरून काढला आणि त्या गडबडीत उरलेल्यांपैकी काही उपग्रह चुकीची वेळ सांगायला लागले. चूक किती, तर साधारण तेरा मायक्रोसेकंद! तेवढ्यावर ठिकठिकाणच्या टेलिफोनच्या यंत्रांनी तासन्तास धोक्याच्या घंटा वाजवल्या. आपण तर दिवसाला अर्धा मिनिट पुढे जाणारं घड्याळ "ओके" म्हणून हातात द्यायचो.

भाचीने दाखवलेलं हे सगळं मी रोज रात्री वाचत बसतो. मंजू म्हणते, या वयात काय परीक्षेला बसणार आहात? पण एक गोष्ट वाचली आणि तुझ्या नावाने हाक मारावीशी वाटली. वर गेलेलं घड्याळ खालच्यापेक्षा जलद चालतं, दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद. वेगाने ते थोडं मागे पडतं, पण वर गुरुत्व कमी म्हणून त्याहून जास्त पुढे जातं. आइनस्टाइनचं गणित, ते मला विचारू नकोस. पण उपाय काय करतात माहितीय? पाठवण्याआधी खालीच ते किंचित मंद करून ठेवतात! भटारखान्यातल्या दामूचं घड्याळ अण्णा मुद्दाम सरकवून द्यायचे, "त्याच्या मनगटाला भट्टी लागते, तिकडे गेलं की बरोबर होईल" म्हणून. तेच रे. आपण दोघं तेव्हा गालातल्या गालात हसायचो.

आणि आता तुझा जुना हिशेब चुकता करतो. पंचवीस वर्षं तू मला ऐकवलंस, "एचएमटी ठीक आहे, पण स्विस ते स्विस." त्यावरून आपण एका गणपतीत अकरा दिवस अबोला धरला होता. तर ऐक. आपला नाविक आहे ना, भारताचा स्वतःचा जीपीएस, त्यातला पहिला उपग्रह जुलै 2013 मध्ये गेला. आत तीन रुबिडियम घड्याळं, म्हणजे अणूंच्या तालावर चालणारी, तिन्ही स्वित्झर्लंडची. तिन्ही बंद पडली! उपग्रह धडधाकट, घड्याळं गेलेली. युरोपचा जीपीएस म्हणजे गॅलिलिओ, त्यातलीही काही स्विस घड्याळं बसली. बदली उपग्रह ऑगस्ट 2017 मध्ये पाठवला, तर रॉकेटच्या टोकाचं आवरणच उघडलं नाही, सगळं डब्यातच राहिलं. शेवटी अहमदाबादला इस्रोच्या लोकांनी स्वतः रुबिडियम घड्याळ बनवलं आणि ते 29 मे 2023 ला वर गेलं. आता बोल, एचएमटी की स्विस? (त्याच्या पुढचा जानेवारी 2025 चा उपग्रह वर जाऊन भलत्याच कक्षेत अडकला, हे तू शोधून काढशीलच, म्हणून मीच सांगून टाकतो. त्यात घड्याळाची चूक नव्हती.)

मला आपलं वाटायचं, उपग्रह म्हणजे टीव्ही आणि वादळाचा भोवरा. निसर्ग वादळ आलं तेव्हा, 3 जून 2020 ला, ते रायगडच्या किनाऱ्याला लागणार हे आपल्याला आधी ठाऊक होतं ते त्या वरच्या फोटोंमुळे. बोटी बंदरात आल्या होत्या. ते दिसतं, म्हणून कळतं. हे वेळेचं दिसतच नाही. विजेच्या ग्रीडवरची मापं, शेअर बाजारातले सौदे, हे टॉवर, सगळे वर बघून आपापलं घड्याळ लावतात, आणि खाली कुणाला पत्ता नाही. देशाची अधिकृत वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत राखतात. ती आता जमिनीवरूनच पोचवायची म्हणून अहमदाबाद, बंगळूर, भुवनेश्वर, फरिदाबाद, गुवाहाटी अशा पाच ठिकाणी सोय करतायत. म्हणजे मोठ्या माणसांनाही हा घोर लागलाय. अण्णा दुकानात लोलकाचं घड्याळ का ठेवायचे, ते त्यांनाही उमगलं म्हणायचं.

हे झालं शहाणपण. आता जे सांगायला बसलो ते.

रविवारी रात्री बापूकाका न्हाणीघरात पडले. सुनेने नवऱ्याला फोन लावला, तो लोट्याला रात्रपाळीला. लागेना. रिक्षावाल्याला लावला, लागेना. घरात दोन्ही कार्डं त्याच कंपनीची. शेवटी पावसात चिंचनाक्यापर्यंत धावत गेली आणि रिक्षा घेऊन आली. तोपर्यंत पाऊण तास बापूकाका ओल्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून चार पावलं टाकतात. डॉक्टर म्हणाले, पाऊण तासाने हाडाला काही फरक पडला नसता. हाडाला नसेल.

मी दवाखान्यात दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या वेळी सून मला म्हणाली, "काका, तुम्ही तो अर्ज केलात म्हणून तरी टॉवर चालू झाला." मी मान हलवली, पद्या. हलवली मी मान. बापूकाकांनी माझा हात धरला होता. महापुरात, 2021 ला, त्यांनीच मला माडीवरून दोर टाकून ओढून घेतलं होतं. तू दोन दिवस डोंबिवलीहून फोन लावत होतास ना, तेव्हा मी त्यांच्याच माडीवर बसून पिठलं खात होतो.

त्या लातूरच्या पोराने कागदावर काय लिहिलं, विचारू नकोस. "अँटेनास अडथळा, दूर केला." कुणाचा अडथळा, ते लिहिलं नाही. जाताना म्हणाला, "काका, पुन्हा वर काही टाकू नका." त्याला पाणी पाजलं, चहा पाजला. पाचशेची नोट पुढे केली, त्याने घेतली नाही. घेतली असती तर मला बरं वाटलं असतं का वाईट, अजून ठरवता आलेलं नाही.

मंजूला सांगितलं. ती म्हणते, मुद्दाम केलं का? मग गप्प बसा, म्हाताऱ्याला उगाच ताप. तू काय म्हणशील ते मला साधारण ठाऊक आहे, तू नेहमीच सांगून मोकळा होणारा. कुलकर्ण्यांच्या घड्याळाचं पिव्हट तुझ्या हातून तुटलं, तेव्हा तू गिऱ्हाईक दारात असतानाच ओरडला होतास. मी असतो तर रात्री बदलून ठेवलं असतं. अण्णांनी मार मात्र दोघांना दिला.

तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? झालं असेल तर हे अक्षर वाचता येईल, नसेल तर वहिनींकडून वाचून घेऊ नकोस. पिंकीचं लग्न ठरलं असं शरीकडून कळलं, तारीख कळव. गणपतीला येणार आहेस ना, की याही वर्षी "बघू"?

सांगू की नको, तेवढं एका ओळीत लिही. पोस्टकार्ड चालेल.

दोन पत्रे काढले तिथून पाणी सरळ जिन्यात येतं. खाली बादली ठेवलीय. काल रात्री दोनदा उठून ओतली, आज पाऊस जास्त आहे.

तुझा,
सुध्या